एका मुलामागे एक डबा

सोलापूर जिल्ह्याची वार्षिक पावसाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला भरवशाचा पाऊस पडतो तो सप्टेंबरात. जून-जुलैत एखाद-दुसरी सर येते, मग पाऊस ओढ देतो. म्हणून तर इथला शेतकरी मालदांडी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतो. शाळांमधलं वृक्षारोपण मात्र कोकणाच्या वेळापत्रकाने चालतं. जुलै उजाडला की खड्डे, पाहुणे, रोपं, बॅनर, फोटो. राज्याने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं. २०२४ पासून ‘एक पेड माँ के नाम’ सुरू झालं. रांगेत उभी केलेली मुलं प्रत्येक मोहिमेत असतातच. पावसाने ओढ दिली की त्या खड्ड्यात पाणी कोण ओततं, हे मात्र उद्दिष्टाच्या आकड्यात कुठेच येत नाही.

झाड लावणं आणि जगवणं हे मोठ्यांचं, म्हणजे वनखात्याचं, महापालिकेचं, ग्रामपंचायतीचं काम आहे. ते त्यांनीच करावं. चिंचेचं किंवा कडुलिंबाचं झाड सावली देईपर्यंत ते लावणारं पोर कॉलेजात पोचलेलं असतं. तीस जणांनी मिळून लावलेलं झाड तिसाव्या दिवशी कुणाचंच नसतं. मुलाच्या हाती द्यायचं ते एक लहानसं रोप, ज्याचा बी रुजण्यापासून काढणीपर्यंतचा सगळा जन्म एका सत्रात उरकतो आणि ज्याची काळजी दुसऱ्या कुणीही घ्यायची नाही. सोलापुरातल्या प्रत्येक शाळेत चौथी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे माती भरलेला एक डबा असावा, एवढीच आमची मागणी आहे.

फायद्यांबद्दल बोलताना आधी एक ओझं उतरवून ठेवू. ‘झाड ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं’ हे वाक्य मुलांकडून घोकून घेऊ नये. नासाच्या १९८९ सालच्या ज्या प्रयोगाचा हवाला दिला जातो, तो बंदिस्त पेटीत केलेला होता. उघड्या खिडक्यांच्या वर्गात चार कुंड्यांनी हवेत मोजण्याजोगा फरक पडत नाही. खरे फायदे वेगळे आहेत आणि ते पुरेसे आहेत.

पहिला फायदा ताटातला. स्वतः पिकवलेली भाजी मुलं चाखून बघायला जास्त तयार होतात, असं शालेय परसबागांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मेथीच्या भाजीला नाक मुरडणारं मूल स्वतःच्या डब्यातल्या मेथीची दोन पानं कच्चीच खाऊन बघतं. दुसरा फायदा गणिताचा: उंची सेंटिमीटरमध्ये, पानांची संख्या, पाणी मिलिलिटरमध्ये. सहावीतला आलेख पुस्तकातल्या काल्पनिक आकड्यांवर काढण्यापेक्षा आपल्याच रोपाच्या आठ मंगळवारांच्या उंचीवर काढला तर तो कशासाठी असतो ते कळतं. तिसरा फायदा सगळ्यांत मोठा, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. मुलाच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींचा परिणाम लगेच दिसतो. बटण दाबलं की गाणं, उत्तर चुकलं की लाल रेघ. रोपाचं तसं नसतं. सोमवारी चुकलेलं पाणी गुरुवारी दिसतं, आणि तेव्हा मागे जाऊन शोधावं लागतं: काय केलं होतं, काय राहिलं होतं? असा उलटा माग काढायची सवय लावणारा दुसरा स्वस्त विषय शाळेत नाही.

पहिलं पीक कोणतं द्यायचं, यावर आम्ही ठाम आहोत: भुईमूग. शेंगाचटणीच्या गावात शेंग कशी लागते ते न पाहिलेली पोरं निघावीत, हे बरं नव्हे. बी खारवलेलं किंवा भाजलेलं नको. लाल साल शाबूत असलेले कच्चे दाणे घ्यायचे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार-पाच सेंटिमीटर खोल, एका डब्यात दोन ठिकाणी दोन-दोन दाणे टाकायचे. सहा ते आठ दिवसांत रोप वर येतं; प्रत्येक ठिकाणी धडधाकट एक ठेवून दुसरं काढायचं. पंचवीस-तीस दिवसांनी पिवळी फुलं येतात. ती सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून दुपारच्या सत्राची शाळा असेल तर फूल बघायला मुलांना एक दिवस लवकर बोलवावं लागेल. पुढचा भाग मुलांना वेडं करतो. सुकलेल्या फुलाच्या जागेवरून एक जांभळट, टोकदार दांडी खाली वाकून निघते आणि आठवड्याभरात मातीत घुसते. शेतकरी म्हणतात, आऱ्या सुटल्या. शेंग धरते ती या आरीच्या टोकाला, जमिनीत, अंधारात. फूल वर आणि फळ खाली, असला प्रकार डोळ्यांनी पाहिलेलं मूल भुईमुगाला पुन्हा कधी ‘मूळ’ म्हणत नाही.

इथे हमखास बिघडतं ते मातीमुळे. वरची माती कडक झालेली असली तर आरीला आत शिरता येत नाही. ती हवेतच वाळते आणि रोप हिरवंगार असूनही शेंग शून्य. म्हणून फुलं दिसू लागली की वरची दोन बोटं माती खुरप्याने हलकी करायची, आणि एकदा आऱ्या घुसल्या की तिथे हात लावायचा नाही. एकशे पाच ते एकशे वीस दिवसांनी, पानं पिवळी पडू लागली की, ओल्या मातीतून अख्खं रोप उपटायचं. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आतून गुलाबी-लाल निघाली, तर ती हवेतला नायट्रोजन बांधत होती. ‘सहजीवन’ या धड्याला यापेक्षा चांगलं चित्र मिळणार नाही. दहा-पंधरा शेंगा निघाल्या तरी पुष्कळ झाल्या.

आता डबा. नर्सरीतून कुंड्या आणायची गरज नाही. खाद्यतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा किराणा दुकानात आणि हॉटेलात मिळतो. तो आडवा ठेवून वरची बाजू कापायची, म्हणजे साधारण नऊ इंच खोलीचा हौद तयार होतो. कापायचं काम मोठ्यांचं. कापलेली कड पकडीने आत दुमडून घ्यायची, नाही तर पहिल्याच दिवशी कुणाची तरी बोटं चिरतात. तळाला खिळ्याने सहा ते आठ भोकं आतून बाहेर पाडायची. बाहेरून आत पाडली तर पत्र्याची कड आत उभी राहते आणि तेवढं पाणी तळाशी साचून मुळं कुजतात. आतलं तेल राखेने घासून काढायचं, बाहेरून चुना मारायचा, कारण उघडा पत्रा इथल्या उन्हात इतका तापतो की कडेची मुळं भाजून निघतात. दोन विटांवर ठेवला की खालून हवा खेळते. भरलेला डबा वीस किलोच्या वर जातो, तेव्हा भरण्याआधीच जागा ठरवावी: सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर इमारतीची सावली पडेल अशी, म्हणजे पूर्वेची बाजू.

सर्वांत जास्त घोळ मातीत होतो. आपली काळी माती शेतात सोनं. डब्यात नुसती तीच भरली तर शिक्षा. वाळली की ती आकसते आणि डब्याच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरून भोकांतून बाहेर येतं. मुलाला वाटतं पाणी भरपूर झालं, आणि आतला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. ओली असताना उलटं: चिकट, हवा नाही, मुळं गुदमरतात. उपाय म्हणजे घमेल्याच्या मापाने एक भाग काळी माती, एक भाग चाळलेला मुरूम किंवा जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. वाळू हात राखून घातली तर उपयोग शून्य, चिकण मातीत थोडी वाळू म्हणजे वीटच. पूर्ण एक तृतीयांश हवी. वर डब्याला मूठभर निंबोळी पेंड. शेंगांची टरफलं गावात पोत्यांनी मिळतात आणि ती वरून अंथरायला उत्तम, ओल धरून ठेवतात. पण कच्ची टरफलं मातीत मिसळली तर ती कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. मिसळायचीच असतील तर आधी शेणकाल्यात दोन-तीन महिने कुजवून घ्यावीत.

‘नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि तुम्ही कुंड्या सांगताय?’ हा आक्षेप सोलापुरात पहिला येतो आणि तो रास्त आहे. पण हिशेब करून बघा. हिवाळ्यात एका डब्याला रोज साधारण अर्धा लिटर लागतं. चाळीस मुलांच्या वर्गाला वीस लिटर. जिथे पोषण आहार शाळेतच शिजतो तिथे पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम धान्य धरलेलं असतं. दोनशे मुलांचा वीस किलो तांदूळ दोनदा धुतला तरी चाळीस लिटर पाणी निघतं, म्हणजे दोन वर्गांचे डबे त्यावर निघाले. ते त्याच दिवशी वापरावं, शिळं झालं की आंबतं आणि मुंग्या येतात. त्याहून सोपा झरा मुलांच्या दप्तरातच असतो. शाळा सुटताना बाटलीत उरलेलं पाणी रस्त्यावर नाही तर एकमेकांच्या अंगावर ओतलं जातं, ते आपापल्या डब्यात ओतायचं. नळाचं एक थेंबही न वापरता बहुतेक वर्गांचं भागेल.

कोणतं पाणी नको, हेही ठरवून सांगावं लागतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याकडे बोअरचं पाणी मुळातच जड, आणि यंत्र त्यातले क्षार त्या टाकाऊ पाण्यात आणखी घट्ट करून सोडतं. महिन्याभरात डब्याच्या कडेला पांढरा थर चढतो, पानांच्या कडा करपतात. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. साबणाचं पाणी पालेभाजीला नको.

आणि तरीही डब्यातली रोपं तहानेपेक्षा अतिपाण्याने जास्त मरतात, कारण उत्साही मूल दिवसातून तीनदा पाणी घालतं. मेथीची कोवळी रोपं जमिनीलगत मऊ होऊन एका रात्रीत आडवी पडली, तर ती मर आहे. सतत ओल्या मातीतली बुरशी बुंधा खाते. नियम एकच शिकवावा: बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. रोप दुपारी बारा वाजता मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं, त्याला तहान म्हणत नाहीत. सकाळी आठ वाजताही मान खाली असेल तरच तहान.

भुईमूग बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी निघतो, म्हणजे सुट्टीत डबे रिकामे. दिवाळीनंतर मूठभर नवं शेणखत घालून अर्ध्या डब्यात मेथी, अर्ध्यात कोथिंबीर. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते. धणे मात्र अख्खे पेरायचे नाहीत. चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि चौथ्या दिवशी मुलं उकरून बघतात. तिथेच निम्मं पीक जातं. शेजारी मेथी मुद्दाम याच कारणाने असावी, वाट बघताना डोळ्यांना काहीतरी मिळतं. जानेवारीत मुळा किंवा पालक, आणि फेब्रुवारीअखेर खेळ बंद. पारा चाळिशीकडे निघाला की इथे पालेभाजीचा हट्ट धरू नये. गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, किंवा नाताळची चार-पाच दिवसांची सुट्टी असेल तर टॉवेलची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं डब्यातल्या मातीत तीन इंच पुरलेलं, बादली डब्यापेक्षा जरा उंचावर आणि झाकलेली. सुताची वात पाणी हळूहळू ओढत राहते. कोरा टॉवेल पाणी नीट ओढत नाही. दोन-तीनदा धुतलेला घ्यावा. अशा जुन्या पट्ट्यांना सोलापुरात तोटा नाही.

पहिल्या वर्षी टोमॅटो आणि मिरची देऊ नये. टोमॅटोचं पाणी कमी-जास्त झालं की फळाचा तळ काळा पडतो, आणि मूल खचतं. दुसरं कारण खास आपल्या गावाचं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आई विड्या वळते. टोमॅटो आणि मिरची तंबाखूच्याच कुळातल्या, आणि वाळलेल्या तंबाखूत मोझॅक विषाणू टिकून राहतो. तो हातावरून पानावर जाऊ शकतो. मग पानं फिकट-गडद ठिपक्यांची होऊन आक्रसतात, आणि त्यावर औषध नाही. पुढे ही पिकं घेतलीच तर रोपाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, एवढा साधा बंदोबस्त.

याच घरांमुळे डबा शाळेत हवा, घरी नको. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे दाराशी ऊन पोचत नाही, तिथे ‘घरी रोप वाढवून आणा’ असा गृहपाठ देणं म्हणजे गच्ची असलेल्या मुलांना आयते गुण वाटणं. शिवाय घरचं रोप आई जगवते. सगळ्या उपक्रमाचा जीव इथेच जातो: पालक आणि बाई मागून पाणी घालतात, मेलेलं रोप रातोरात बदलतात, आणि मुलाला खोटं यश मिळतं. रोप मरू द्यावं. मेल्यावर मुलाने ते उपटून मुळं बघावीत. काळी आणि मऊ असतील तर पाणी जास्त झालं, कोरडी आणि ठिसूळ असतील तर कमी, पांढऱ्या अळीने कुरतडलेली असतील तर शेणखत कच्चं होतं. वहीत कारण लिहून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरावं. या वहीला गुण देऊ नयेत. गुण आले की कारणं खोटी लिहिली जातात.

‘शाळेत पोरांना राबवतात’ असंही काही पालक म्हणतात. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली तेव्हाही ही शंका घेतली गेली होती, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पाणी कोण वाहतं, झाडतं कोण आणि फोटोत कोण उभं राहतं, यात मुली आणि गरीब घरची मुलं कामाला जुंपली जातात. म्हणून सामाईक कामांची पाळी हजेरी क्रमांकाने लावावी, मुलगा-मुलगी न पाहता. आणि बागेतलं काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. ज्या दिवशी ‘दंगा केलास, जा, डब्यांना पाणी घाल’ असं म्हटलं गेलं, त्या दिवशी उपक्रम संपला.

सुरक्षेचं थोडक्यात. दुकानातलं गुलाबी रंगाचं बी बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नये. स्वयंपाकघरातली मेथी आणि धणे पुरतात. शाळेच्या कुंपणाला शोभेची म्हणून लावलेली कण्हेर अंगभर विषारी असते. डब्याखाली ताटली ठेवलीच तर आठवड्यातून एकदा पालथी करून कोरडी करायची, नाही तर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, तेही शिक्षकाने फवारायचं.

सरकारकडे यासाठी नवी योजना मागायची गरज नाही. शाळांच्या परसबागांसाठी केंद्राने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दप्तराविना दिवस आहेत. अडचण आहे ती परसबागेची स्पर्धा झाली याची. स्पर्धेत वाफे आखीव हवेत, विटांना गेरू हवा, आणि मग बाग सांभाळतो तो माळी किंवा शिपाई. एका मुलामागे एक डबा दिला की बाग दिसायला ओबडधोबड होते. चाळिसांतले दहा डबे कधीही वाईट दिसणारच. शिक्षण विभागाने जुलैतला फोटो मागणं बंद करावं आणि फेब्रुवारीत मोजणी मागावी: किती डबे जिवंत, किती मेले, मेल्याची कारणं काय. मेलेल्या डब्यांबद्दल शाळेला जाब विचारायचा नाही, फक्त कारणं वाचायची. ‘उन्हाची जागा चुकली’ असं दहा शाळांनी लिहिलं तर पुढच्या वर्षीची सूचना त्यातूनच तयार होते.

मार्चमध्ये परीक्षा लागायच्या आत डबे रिकामे करावेत. माती गच्चीवर दोन इंच जाडीने पसरून ओलवायची, वर पारदर्शक प्लास्टिक ताणायचं, कडांवर विटा. एप्रिल-मेचं आपलं ऊन पाच-सहा आठवड्यांत त्यातली बुरशी, किडीची अंडी आणि तणाचं बी बऱ्यापैकी मारून टाकतं. डबे उपडे घालून सावलीत रचायचे, म्हणजे गंज कमी चढतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या मातीत चौथा हिस्सा नवं शेणखत मिसळलं की चौथीत आलेल्या मुलांना ती द्यायला तयार.